हौदाची उजवी बाजू

मर्विन टॅडलोच्या बोटीचा तळ डांबराला आला होता. लोखंडी बोट दर दोन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तळाला डांबर फासावं लागतं. नाही फासलं, तर गंज आपलं काम गुपचूप करत राहतो आणि एका सकाळी माणूस जागा होतो तो ओल्या गादीवर. डांबरवाला होता थेम्स नदीच्या काठी. मर्विन राहायचा लंडनच्या कालव्यावर, बोटीतच, बायकोसकट. तेव्हा कालव्यातून नदीत उतरायचं, एवढंच काम. कॅमडनहून निघायचं, बारा पायऱ्या उतरायच्या, आणि दुपारी तीनच्या भरतीला लाइमहाउसचं मोठं दार उघडलं की नदीत शिरायचं. ऑक्टोबर महिना, सकाळचे नऊ, बारीक भुरभुर. घाबरण्यासारखं यात काहीएक नव्हतं. तरी मर्विनने त्या सकाळी चहाचा पहिला मग सांडला, आणि दुसराही.

मर्विन कालव्यावर प्रसिद्ध होता तो थापांसाठी. एका माशाने आपली वरची कवळी पळवली आणि पुढे महिनाभर तो मासा आपल्याकडे बघून हसत होता, ही गोष्ट त्याने इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती, की काही जणांनी तो मासा पाहिलाही होता. त्याची बायको ग्लेनिस त्याला थापाड्या म्हणूनच हाक मारायची. तीस वर्षांच्या संसारात तिने एक हिशेब पक्का केला होता: मर्विनच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्यायचं.

पण एक गोष्ट मर्विनने कुणालाच सांगितली नव्हती. कारण ती खरी होती.

त्या गोष्टीपायी वर्षभर त्याने या बारा पायऱ्या टाळल्या. कधी इंजिन कुरकुरायचं, कधी कंबर धरायची, कधी नदीत म्हणे गाळ फार वाढलेला असायचा. शेवटी ग्लेनिसने परस्पर डांबरवाल्याला कळवून टाकलं आणि मर्विनला म्हणाली, तुझी कंबर राहू दे घरी, बोट मी नेते. ती खरंच नेईल हे ठाऊक असल्यामुळे तो निघाला.

या पायऱ्या म्हणजे एकेक दगडी हौद. हौदाच्या दोन्ही टोकांना लाकडी दारं, दारांना मोठे आडवे वासे. बोट वरच्या दाराने आत घ्यायची, वाशाला पाठ लावून दार ढकलून बंद करायचं, मग लोखंडी किल्ली फिरवून खालच्या दारातल्या झडपा उघडायच्या. पाणी निघून जातं, बोट खाली उतरते, खालचं दार उघडतं, बोट पुढे. हौद इतका रुंद की दोन लांबट बोटी शेजारी शेजारी मावतात. म्हणून कालव्यावरची रीत अशी, की एकट्याने हौदभर पाणी उधळायचं नाही. मागून भोंगा ऐकू आला की दार उघडं ठेवायचं, मागच्याला आत घ्यायचं. आणि दिवसाच्या पहिल्या हौदात जो शेजारी आला, तो त्या दिवसापुरता सोबती. शेवटच्या पायरीपर्यंत. त्याला मध्येच टाकून पुढे निघून जाणाऱ्याला कालव्यावर कुणी शिव्या देत नाही. फक्त त्याच्याशी पुन्हा कुणी बोलत नाही.

पहिल्या हौदात मर्विनने आपली 'लार्क' डाव्या भिंतीला लावली आणि मधला दोर काठावरच्या खुंट्याला गुंडाळला. ग्लेनिस काठावर होती. अंगात मर्विनचाच जुना रेनकोट, कमरेच्या पट्ट्यात खोवलेली किल्ली. किल्लीच्या मुठीला तिने लाल चिकटपट्टी गुंडाळली होती. मर्विन आपली किल्ली दर महिन्याला पाण्यात पाडायचा आणि मग बायकोची हीच आपली म्हणून शपथ घ्यायचा, म्हणून ही खूण. तिने वरच्या दाराच्या वाशाला पाठ लावली, आणि थांबली.

"लाव की दार," मर्विन म्हणाला.

"थांब. मागे कुणीतरी आहे."

भोंगा त्यानेही ऐकला होता. जुना, पितळी. घसा बसलेल्या माणसाने लांबून हाक मारावी तसा. एक लांब, एक तोकडा. हातातला सुकाणूचा दांडा एकदम गार लागला त्याला.

"बदक असेल," तो म्हणाला.

"भोंगा वाजवणारं? हेही आता तुझ्या माशाच्या ओळखीचं वाटतं."

मर्विनने मागे वळून पाहिलं. पुलापर्यंत करडं पाणी, त्यावर पावसाची बारीक बारीक वर्तुळं. बोट नव्हती. काठाला एक पिशवी तरंगत होती, बस. पण ग्लेनिस वाशाला टेकून उभी, चेहऱ्यावर अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेलं हसू, आणि हात हलवत म्हणतेय, "या, या, भरपूर जागा आहे."

'लार्क' हलली. कुणीतरी खांद्याने हळूच सरकवावं तशी डाव्या भिंतीला आणखी चिकटली. मधला दोर सैल पडला. कोळशाच्या धुराचा वास आला, आणि त्याच्या आडून परतलेल्या कांद्याचा. मर्विनने हौदाच्या उजव्या बाजूला पाहिलं. तिथे काही नव्हतं. फक्त पाणी. पण 'लार्क'च्या पुढे, मागे, सगळीकडे पावसाची वर्तुळं उठत होती आणि उजव्या बाजूला, बोटीएवढ्या लांब आणि बोटीएवढ्या रुंद पट्ट्यात, एकही वर्तुळ उठत नव्हतं.

ग्लेनिसने दार लावलं, झडपा उघडल्या. बोट खाली उतरू लागली. एक बोट की दोन, हे मर्विनला मोजवेना.

ती आपल्यावर डाव उलटवतेय, असं त्याला आधी वाटलं. तीस वर्षांच्या थापांची परतफेड. तसं असतं तर तो तिच्या पाया पडला असता. त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, कोण आहे गं?

"डोळे कुठे गेलेत तुझे?" ती वरून म्हणाली. "म्हातारी बाई आहे, एकटीच. निळी लोकरीची टोपी. छपरावर एका कानाचं कुत्रं. आणि आवाज हळू कर, ऐकू येतंय त्यांना."

निळी टोपी. एका कानाचं कुत्रं. मर्विनने हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. ग्लेनिस मनगट मोडून बहिणीकडे गेली होती आणि मर्विन एकटा होता. कॅमडनपासून लाइमहाउसपर्यंत मी एकटा पाच तासांत उतरून दाखवतो, अशी पैज त्याने काठावरच्या दारूच्या गुत्त्यात लावली होती. पैज एका ग्लास बिअरची. पहिल्याच हौदात मागून 'पेशन्स' नावाची बोट आली, तिच्यावर डॉर्कस पेल नावाची म्हातारी. तिने सांगितलं, गुडघे गेलेत, हौद एकटीने होत नाहीत आता, शेवटपर्यंत सोबत राहशील का? मर्विन हो म्हणाला. त्याने स्वतः चहा करून दिला. तिने त्यात चार चमचे साखर घातली, ढवळली, आणि चमचा मगाच्या काठावर दोनदा वाजवला. झाला करार, म्हणाली.

पण तिचं इंजिन जुनं, एका दट्ट्याचं. टुक, थांबा, टुक, थांबा. चौथ्या पायरीनंतर इस्लिंग्टनचा बोगदा लागतो, तिथे ती मागे पडली. मर्विन बाहेर आला, पाचव्या हौदात शिरला, घड्याळ पाहिलं. बोगद्यातून भोंगा ऐकू आला. एक लांब, एक तोकडा. येतेय मी, दार उघडं ठेव.

त्याने दार लावलं.

पुढचं त्याला आठवड्याने नळावर पाणी भरताना कळलं. वरच्या दाराच्या आत, पाण्याखाली, हौदाला दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्या उंबऱ्यावर अडकली तर पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जाते आणि मागची वर टांगलेली राहते. काठावर लक्ष ठेवणारं कुणी असलं तर झडपा चटकन बंद करतं. म्हातारीच्या काठावर कुणी नव्हतं. बोट काढली, बाई काढली. कुत्रं सापडलं नाही. अरेरे, मर्विन म्हणाला, आणि आपली बादली भरून निघून आला. पैज त्याने जिंकली होती.

दुसऱ्या हौदात ग्लेनिस काठाच्या उजव्या बाजूला बसून खाली वाकून गप्पा मारत होती. मर्विनला तिचा एकटीचाच आवाज ऐकू येत होता. हो का. अगंबाई. मग कुठे गेला तो? मध्येच ती हसली आणि मर्विनकडे वळून म्हणाली, "अरे थापाड्या, या तर तुला ओळखतात. म्हणतात, फार चांगला माणूस. चहा छान करतो."

तिसऱ्या हौदात ती हसत नव्हती. किल्ली फिरवता फिरवता तिने विचारलं, "तू कसली पैज जिंकलास गेल्या वर्षी?"

"कसली पैज?"

"त्या विचारतायत."

मर्विन म्हणाला, म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. म्हणाला, आपण जरा भरभर जाऊ या, भरती थांबायची नाही. ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. मर्विनची थाप ऐकताना ती एक भुवई उचलायची. ती भुवई वर गेली आणि बराच वेळ वरच राहिली.

तिसऱ्या ते चौथ्या पायरीपर्यंतचा रस्ता सपाट. ग्लेनिस काठाच्या वाटेने चालत होती, 'लार्क'च्या बरोबरीने नव्हे, एक बोट मागे. मर्विनने इंजिनाचा वेग वाढवला तशी तीही जवळजवळ पळू लागली आणि मागच्या पाण्याकडे बघून हातवारे करत काहीतरी म्हणाली. नवऱ्याच्या वतीने माफी मागताना ती करते तसे हातवारे. त्याने वेग कमी केला. मागे, त्याच्या इंजिनाच्या आवाजाखाली, आता दुसरं काहीतरी होतं. टुक... टुक...

चौथ्या हौदात पाणी उतरत असताना ती काठावर उकिडवी बसून त्याला म्हणाली, "मी बोगद्यापुरती त्यांच्या बोटीवर जाते."

मर्विनने उजव्या बाजूच्या रिकाम्या पाण्याकडे पाहिलं.

"त्यांचा दिवा मंद झालाय. एकटीला भीती वाटते म्हणाल्या. गेल्या वर्षी बोगद्यात काहीतरी झालं होतं."

"नको जाऊस."

"का?"

हीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. मर्विनने तोंड उघडलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यातून जे निघायचं तेच निघालं. तो म्हणाला, "ते कुत्रं चावतं."

"हे?" ग्लेनिसने उजवीकडे हवेत हात लांब केला. "हे तर चाटतंय मला." तिने हात परत घेतला तेव्हा तो मनगटापर्यंत ओला होता.

खालचं दार उघडलं. 'लार्क' बाहेर पडली. रीतीप्रमाणे ग्लेनिस मागे राहून दार लावणार आणि मग जिन्याने उतरून खालच्या धक्क्यावर येणार. मर्विनने मान वळवून पाहिलं. ती जिना उतरली, धक्क्याकडे वळली. मग पुलाचा खांब मध्ये आला. खांब मागे पडला तेव्हा धक्का रिकामा होता. कुठूनतरी ती त्याला काहीतरी ओरडून सांगत होती, पण इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. मग तो आवाज आला पाण्यावरून. एका बोटीच्या अंतरावरून, जिथे काही नव्हतं तिथून, ग्लेनिस हसली.

त्याच्यासमोर बोगद्याचं तोंड होतं.

इस्लिंग्टनच्या त्या बोगद्यात काठाची वाट नाही. पायी जाणाऱ्याने वरच्या टेकडीवरून, रस्त्यांमधून चालत जायचं आणि पलीकडे उतरायचं. ग्लेनिस एरवी तसंच करायची, कारण टेकडीच्या माथ्यावर एक बेकरी आहे आणि तिथले गरम बन तिला फार आवडत. बोटीने आत शिरलं की वळता येत नाही, मागे येता येत नाही. नऊशे पावलं विटांची कमान, पाणी काळंभोर, आणि पार टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा उजेड. मर्विन आत गेला. दिवसाचा उजेड त्याच्या पाठीवरून हळूहळू उतरला. ओल्या चुन्याचा वास, काजळीचा वास. वरून ठिबकणारं पाणी टोपीवर, मानेवर, आणि एक थेंब अगदी कानात, कुणी कुजबुजावं तसा.

मागे दोन बायका बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. बोगद्यात शब्द भिंतींना लागून फुटतात, नुसता सूर उरतो. एक सूर ग्लेनिसचा होता. मग भांड्यांचा आवाज झाला. पाणी ओतल्याचा. चमचा मगात फिरू लागला... गोल... गोल... आणि थांबला. मगाच्या काठावर दोनदा वाजला.

किण्. किण्.

टुक... टुक... टुक...

त्यानंतर मागचं इंजिन मंदावलं. मर्विनला प्रत्येक ठोका मोजता येऊ लागला. दोन ठोक्यांमध्ये एक श्वास मावायला लागला, मग दोन. ग्लेनिसचा सूर लांब गेला. तो पुढच्या उजेडाकडे बघत राहिला. टाचणीचं डोकं आता बशीएवढं झालं होतं. हात सुकाणूवर होता, इंजिन चांगलं चालत होतं, पाच मिनिटांत तो बाहेर पडला असता.

मागे भोंगा वाजला. एक लांब, एक तोकडा.

मर्विनने इंजिन बंद केलं.

इतकी शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. 'लार्क' घसटत घसटत विटांना टेकली. त्याने मागे तोंड केलं. मागे उजेडच नव्हता. ज्या तोंडाने तो आत आला, ते कुणीतरी झाकलं होतं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "ही थाप नाही. निम्मी सोडून देऊ नकोस. त्या बाईला मी शब्द दिला होता आणि पैजेपायी तिच्या तोंडावर दार लावलं. भोंगा ऐकला होता मी. ऐकून लावलं. ती मेली त्या हौदात... मी मारलं तिला. आता तू परत ये."

बोगदा ते सगळं पुन्हा बोलला, आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसतं 'ये... ये...' असं. बराच वेळ ठिबकण्याशिवाय काही नव्हतं. मग अगदी जवळून, त्याच्या सुकाणूच्या मागूनच, ग्लेनिसचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं आणि रागही नव्हता.

"पुढे हो. दार उघडं ठेव."

पाचवा हौद बोगद्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मर्विनने एकट्याने वरचं दार उघडलं, 'लार्क' डाव्या भिंतीला बांधली आणि वाशापाशी जाऊन उभा राहिला. दार सताड उघडं, उजवी बाजू मोकळी. पाऊस तसाच भुरभुरत होता आणि उजव्या बाजूला वर्तुळंच वर्तुळं उठत होती. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. तीनची भरती हातची चालली होती, तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. बोगद्याचं तोंड काळं होतं आणि काळंच राहिलं.

"अजून इथेच? मला वाटलं, दोन पायऱ्या तरी पुढे गेला असशील."

मर्विन वळला. रस्त्याकडच्या उतारावरून ग्लेनिस खाली येत होती. रेनकोट भिजलेला, गाल लाल, धाप लागलेली, हातात कागदी पिशवी. पिशवीतून वाफ येत होती.

"तू... तू बोटीवर होतीस."

"कुणाच्या? ओरडून सांगितलं ना तुला, टेकडीवरून येते म्हणून. त्या म्हातारीला बोगद्याच्या तोंडाशीच अंधारी आली, माघारी फिरली ती. म्हटलं, बन तरी घेऊ या." तिने पिशवी वाशावर ठेवली, कमरेची किल्ली काढून तिच्याशेजारी ठेवली, लाल मुठीची. "चल, लाव दार. कुणी येत नाही आता."

तो हसणार होता. रडणार होता. त्याने वाशाला पाठ लावली.

बोगद्यातून भोंगा वाजला. आणि भोंग्याच्या मागोमाग, काळोखातून, ग्लेनिसचा आवाज.

"मर्विन... दार लावू नकोस रे... आलेच मी..."

शेजारी उभ्या असलेल्या ग्लेनिसने मानसुद्धा वळवली नाही.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"काय?"

"कुणीतरी..."

"बदक असेल," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. तेच नाक, तीच हनुवटी, तीच उचललेली भुवई. पावसाचं पाणी तिच्या बाहीवरून ठिबकत होतं. पाऊस पडत असला की कुणाच्याही बाहीवरून ठिबकतं.

"लाव ना," ती हळूच म्हणाली. "गेल्या वर्षी कसं चटकन लावलंस."

हे ग्लेनिसला कसं माहीत? सकाळपासून म्हातारीशी बोलत होती, तिच्याकडून कळलं असेल. बोगद्यात तो बोलला ते वर टेकडीवर ऐकू गेलं असेल. किंवा ही ग्लेनिस नसेल. मर्विनला एवढंच कळत होतं, की मागून भोंगा वाजतोय आणि कुणीतरी त्याला दार लावायला सांगतंय. त्याने वाशावरची पाठ काढली. वाशाच्या पुढे येऊन दोन्ही हातांनी त्याला मागे रेटून धरलं, टाचा विटांमध्ये रोवल्या आणि डोळे मिटून घेतले. या वेळी दार लागणार नव्हतं. कुणी काहीही म्हणो.

टुक... टुक... टुक...

कोळशाचा धूर आला. परतलेला कांदा आला. 'लार्क' डाव्या भिंतीला चिकटल्याचा आवाज झाला. मग एक ओला जाड दोर त्याच्या पायांवर येऊन पडला.

"दोर घे रे, थापाड्या."

त्याने वाकून दोर धरला. दोराला ओढ होती, खरीखुरी, जिवंत. त्याने डोळे उघडले तेव्हा ग्लेनिस हौदाच्या उजव्या बाजूने काठावर पाऊल ठेवत होती. त्याने तिला दंडाला धरून वर ओढलं, छातीशी धरलं. रेनकोट अगदी कोरडा होता. वाशापाशी दुसरं कुणी नव्हतं. उतारावर कुणी नव्हतं. हातातल्या दोराचं टोक पाण्यात गेलं होतं आणि त्याला आता कसलंच ओझं नव्हतं.

"किल्ली कुठे तुझी?" त्याने विचारलं.

"पडली बोगद्यात. तू नाही का पाडत?"

वाशावर कागदी पिशवी होती, आणि तिच्याशेजारी लाल मुठीची किल्ली. मर्विनने ग्लेनिसकडे पाठ करून ती किल्ली कोटाच्या खिशात टाकली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पिशवी त्याने उचलली. बन अजून गरम होते.

मग त्याने दार लावलं. स्वतःच्या किल्लीने झडपा उघडल्या. ग्लेनिस म्हणाली, तू फार दमलास, मी चहा टाकते, आणि आत गेली. पाणी उतरू लागलं. हिरव्या शेवाळ्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी वर वर जाऊ लागल्या. आकाश अरुंद होत गेलं. उजव्या बाजूला पाण्यावर पावसाची वर्तुळं उठत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ती दोन मग घेऊन बाहेर आली, त्याच्याशेजारी बसली. साखरेचा डबा गेल्या वीस वर्षांत तिने पाहुण्यांसाठीच उघडला होता. तिने तो मांडीवर घेतला. एक चमचा घातला. दुसरा. तिसरा. चौथा. शांतपणे ढवळलं, आणि चमचा मगाच्या काठावर दोनदा वाजवला.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. बोटीच्या तळाला डांबर लागलं, आता तो छान काळा कुळकुळीत दिसतो. नवरा-बायको अजून कालव्यावरच आहेत. ग्लेनिस हल्ली फार बोलत नाही, पण आहे बरी. गुडघे तेवढे दुखतात म्हणते. नळावर कुणी मर्विनला माशाची गोष्ट सांग म्हटलं तर तो आधी बायकोकडे बघतो, आणि मग म्हणतो की असा मासा नव्हताच कधी. लोकांना ही त्याची सगळ्यात मोठी थाप वाटते.

परवा 'लार्क' इस्लिंग्टनला बांधलेली असताना तो पहिल्यांदाच धीर करून टेकडी चढला आणि त्या बेकरीत गेला. गल्ल्यावरच्या बाईने त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. तुमचा फोटो असतो ना त्यांच्या पाकिटात, म्हणाली.

मर्विनने विचारलं, कुणाच्या?

"तुमच्या मिसेसच्या. रोज सकाळी येतात की. भिजून येतात बिचाऱ्या, ऊन असलं तरी. दोन बन घेतात, आणि रोज मला तेच विचारतात." बाईने पिशवीत दोन बन घालून ती त्याच्यापुढे सरकवली. "की, मर्विन पुढे निघून गेला का हो?"